हट्टी टर्की आणि उतावीळ शिकारी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील रानटर्कीच्या वसंतातल्या शिकारीवर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने पहाटेच्या जंगलाचे वर्णन छान केले आहे आणि परवाना, टॅग (मारलेल्या पक्ष्यासाठी परवान्याबरोबर मिळणारी चिठ्ठी), हंगाम यांची माहितीही बहुतांशी बरोबर दिली आहे. माझा आक्षेप लेखाच्या उत्तरार्धाला आहे. मादीच्या नकली आवाजाला उत्तर देणारा, पण जागचा न हलणारा नर म्हणजे हट्टी टर्की, असे ठरवून लेखकाने त्याच्यावर तीन उपाय सुचवले आहेत. आवाज वाढवत न्यावा. तेवढ्याने न भागल्यास टर्कीचाच पिसारा तोंडासमोर धरून त्याच्याकडे सरकत जावे. आणि तरीही तो टप्प्यात आला नाही, तर टंगस्टनच्या नव्या काडतुसांनी लांबूनच बार काढावा. यातला पहिला उपाय बहुधा काम बिघडवतो, दुसरा माणसाच्या जिवावर बेतू शकतो आणि तिसऱ्यामुळे पक्षी जायबंदी होऊन निसटण्याचा धोका असतो. मिझुरी राज्यात राहून बरीच वर्षे या पक्ष्याच्या मागे हिंडलेला एक वाचक म्हणून याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटले.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे आणि आपल्या अनेक वाचकांना हा विषयच अप्रिय असेल, हे मी जाणतो. त्यांचे मन वळवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. परंतु जेथे ही शिकार कायदेशीर आहे तेथे राहणारी मराठी कुटुंबे आपले वृत्तपत्र वाचतात, त्यांतली काही तरुण मंडळी या छंदाकडे वळलेली आहेत, आणि त्यांच्या हाती चुकीचा सल्ला पडू नये एवढाच माझा हेतू आहे.

आधी पक्ष्याची बाजू पाहू. रानटर्कीचा नर रात्री ओक किंवा सायकमोरसारख्या उंच झाडावरच्या रातथाऱ्यावर बसतो आणि फटफटण्याच्या सुमारास तेथूनच आरवू लागतो. वारा पडलेला असेल तर ती गडगडती साद मैलभर ऐकू जाते. खाली उतरल्यावर तो एखादी मोकळी, चारी बाजूंनी दिसेल अशी जागा गाठतो, पिसारा फुलवतो, पंखांची टोके जमिनीला घासत चालतो आणि छातीतून इतका खर्जातला हुंकार काढतो की, तो फार जवळ असल्याखेरीज आपल्याला ऐकूच येत नाही. हा सारा थाट एकाच कामासाठी असतो. आसपासच्या माद्यांनी त्याला ऐकावे, पाहावे आणि त्याच्याकडे चालत यावे. टर्कीच्या जगात नराने एका जागी उभे राहायचे आणि मादीने जायचे, असाच रिवाज आहे. झाडाला टेकून बसलेला शिकारी बॉक्स कॉलवर, म्हणजे घासून आवाज काढायच्या लाकडी डबीवर, मादीचा आवाज काढतो तेव्हा तो या रिवाजाच्या नेमके उलट मागत असतो. नराने आपली जागा सोडून मादीकडे यावे, अशी त्याची अपेक्षा असते. तेव्हा आवाजाला उत्तर देऊन तेथेच थांबणारा नर कोणताही हट्ट करत नसतो. ‘मी इथे आहे, तू ये’ असे तो सांगत असतो, आणि तसे सांगून झाल्यावर त्याच्या लेखी पाळी मादीची असते. खरे आश्चर्य तो येत नाही याचे नसून कधी कधी येतो याचे वाटायला हवे.

एवढे लक्षात घेतले की आवाज वाढवण्याच्या सल्ल्यातली गफलत आपोआप उघड होते. मादी जितकी आतुरतेने आणि वारंवार ओरडेल, तितकी ती येण्याच्या बेतात आहे अशी नराची खात्री पटत जाते, आणि तितकाच तो जागेवर घट्ट उभा राहतो. प्रत्येक हाकेला उत्तर मिळते म्हणून शिकारी खूश होतो आणि आणखी हाका घालतो. तासभर असे सवालजवाब रंगतात. शेवटी मादी काही आली नाही असे पाहून नर दुसऱ्या दिशेला निघून जातो आणि शिकारी त्याला हट्टी म्हणून मोकळा होतो. विशेषतः पक्षी अजून झाडावर असताना फार बोलणे हे तर नुकसानीचेच असते. त्याला खाली उतरण्याची घाई नसते. वर बसून मादी झाडाखाली येताना दिसते का, याची तो खुशाल वाट पाहतो. त्या वेळी मादीची एखादी हलकी, झोपाळू साद पुरेशी असते, आणि तीदेखील अंधारात योग्य जागी बसून झाल्यानंतर.

दुसरे कारण याहून साधे आहे. नर येत नाही, कारण त्याच्यापाशी खऱ्या माद्या आधीच असतात. डोळ्यांसमोरच्या माद्या सोडून न दिसणाऱ्या मादीच्या शोधात तो कशाला जाईल? येथे विणीच्या हंगामाचे वेळापत्रक माहीत असावे लागते. मादी साधारण रोज एक याप्रमाणे दोन आठवड्यांच्या आसपास दहा ते बारा अंडी घालते आणि मग सुमारे २८ दिवस ती उबवते. अंडी घालण्याच्या काळात ती सकाळी नराबरोबर हिंडते, पण दिवस वर आला की निमूटपणे घरट्याकडे निघून जाते. एका मीलनानंतर कित्येक आठवडे फलित अंडी घालण्याची तिची क्षमता असल्यामुळे तिला नराची गरज रोज भासत नाही. उबवणी सुरू झाली की ती दिवसाकाठी थोडा वेळच चरायला बाहेर पडते. परिणामी पहाटे सहाला माद्यांच्या घोळक्यात मश्गूल असलेला आणि कोणत्याही आवाजाकडे ढुंकून न पाहणारा तोच नर दहा वाजता एकटा पडतो, आणि हंगामाच्या अखेरीस तर बराचसा दिवस एकटाच असतो. न्याहारीसाठी नऊ वाजता गाडीकडे परतणारे शिकारी नेमकी हीच वेळ वाया घालवतात. सकाळी जेथे त्याने पिसारा फुलवला होता त्या जागेजवळ दहाच्या सुमारास गुपचूप येऊन बसावे, दोन-तीन मृदू हाका घालाव्यात आणि वाट पाहावी. लेखात या वेळेचा उल्लेखसुद्धा नाही, याचे मला नवल वाटले.

सकाळीच प्रयत्न करायचा असेल तर नराला सोडून माद्यांशी बोलावे. माद्यांमध्येही मानपान असतो. घोळक्यातली वरचढ मादी ओरडली की तिची हुबेहूब नक्कल करावी, ती चिडून भरभर आवाज काढू लागली की तिला मध्येच तोडून तसाच आवाज काढावा. आपल्या मुलखात ही कोण आगाऊ बाई शिरली, हे पाहण्यासाठी ती तणतणत येते आणि तिच्यामागून तो सगळा लवाजमा, अगदी शेवटी पिसारा सावरत येणाऱ्या नरासह, आपल्या पुढ्यात येतो. हे दर वेळी जमते असे नाही. चिडण्याऐवजी ती मादी पाठ फिरवून नराला दुसरीकडे नेते, असेही पुष्कळदा घडते. तरी नराला थेट हाका घालण्यापेक्षा यात यशाची शक्यता मला अधिक दिसली आहे.

आता उरतो तो नर, जो एकटा आहे, उत्तर देतो, निम्मे अंतर चालूनही येतो, आणि मग साठ-सत्तर यार्डांवर खुंटतो. लेखकाने रागावून ज्याचे वर्णन केले आहे तो हाच. तो का खुंटतो हे समजायचे तर त्याच्या डोळ्यांचा विचार करावा लागतो. टर्कीला वासाचे ज्ञान बेताचेच असते, पण त्याची नजर विलक्षण असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की त्याला सभोवारचे सगळे दिसते, रंग ओळखता येतात आणि बारीकशी हालचालही सुटत नाही. त्याचे कानही तितकेच तीक्ष्ण असतात. शंभर यार्डांवरून आलेली साद नेमक्या कोणत्या झाडाखालून आली, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ते झाड दिसू लागले की तो थांबतो आणि मादीला शोधतो. मादी दिसायला हवी, आणि ती दिसत नाही. अशा वेळी पुढे जाणाऱ्या पक्ष्यांना कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) आणि बॉबकॅट (रानमांजर) यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेले आहे. उरलेल्यांची अवलाद सावध निपजली तर त्यात नवल नाही.

यावरचा खरा उपाय बसण्याच्या जागेत आहे, आवाजात नाही. उघड्या कुरणाच्या टोकाला किंवा विरळ झाडीत बसून हाक घातली तर नर दीडशे यार्डांवरूनच सगळे पाहून घेतो आणि तेथेच उभा राहतो. तेच उंचवट्याच्या किंवा जुन्या लाकूडतोड्यांच्या वाटेच्या वळणाच्या अशा बाजूला बसावे, की ज्या ठिकाणाहून हाक आली ते ठिकाण दिसण्यासाठी त्याला वळण ओलांडावेच लागेल आणि ओलांडताक्षणी तो तीस-पस्तीस यार्डांवर असेल. दक्षिण मिझुरीतल्या ओझार्कच्या डोंगराळ रानात हे सहज साधते. शक्यतो त्याच्या पातळीवर किंवा थोडे वर असावे, कारण चढ चढून येणे त्याला उतरून येण्यापेक्षा अधिक पसंत असते, असा येथल्या जुन्या शिकाऱ्यांचा अनुभव आहे. आपल्या आणि त्याच्या मध्ये ओढा, तारेचे कुंपण किंवा दाट काटेरी झुडूप नाही ना, हे आदल्या दिवशीच हिंडून पाहून ठेवावे. पंख असलेला पक्षी चार फूट रुंद ओहोळापाशी अडून बसतो, हे प्रथम पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. पण संध्याकाळी झाडावर अलगद उडून बसणारा हाच पक्षी मादीसाठी कुंपण ओलांडायला मात्र सहसा राजी नसतो.

आणि बसल्यानंतर गप्प राहावे. हा सल्ला ऐकायला सोपा, पाळायला अत्यंत अवघड. नर आरवतो आहे, हातात बॉक्स कॉल आहे, आणि तरी तो न वाजवता अर्धा तास काढायचा, हे नवशिक्याला जमत नाही. हा बॉक्स कॉल आर्कन्सॉच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतल्यापासून आजतागायत गरजेपेक्षा जास्तच वाजवला गेला असावा, असे माझे मत आहे. बोलकी मादी एकाएकी गप्प झाली की नराचा आत्मविश्वास डळमळतो. ती निघून गेली का, दुसऱ्या नराकडे गेली का, हे पाहण्यासाठी तो पाऊल उचलतो. या शांततेत वाळलेल्या पानांत हाताने चरण्यासारखी खसखस करावी, दोन-तीन झटके आणि थोडा विराम, दोन-तीन झटके आणि विराम. मादी निवांतपणे चरते आहे असे त्याला वाटते, आणि कोणत्याही हाकेपेक्षा ही खसखस त्याला अधिक खरी वाटते. सोबतीला कोणी असेल तर बंदूकधाऱ्याने पुढे बसावे आणि हाक घालणाऱ्याने त्याच्या मागे तीस-चाळीस यार्डांवर. नर त्या मागच्या आवाजाच्या हिशेबाने थांबतो, आणि तोवर पुढच्याच्या टप्प्यात आलेला असतो. खुंटलेल्या पक्ष्यापुढे हाक घालणाऱ्याने हळूहळू मागे सरत हाका द्याव्यात, म्हणजे मादी दूर चालली असा भास होतो. मात्र असे सरताना दोघांनाही एकमेकांची जागा पक्की ठाऊक असलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट नेहमी दुर्लक्षिली जाते. येणारा प्रत्येक नर आरवत येत नाही. कॅलिफोर्नियात अ‍ॅलन क्राकाउर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की, नात्यातले नर मिळून पिसारा फुलवतात, पण माद्यांशी मीलन होते ते त्यांतल्या वरचढ नराचेच. दुय्यम नरांना मार खाण्याची भीती असते. असा नर हाक ऐकून मुकाट्याने, बहुतेकदा बाजूने किंवा मागून येतो. समोर आरवणाऱ्याकडे डोळे लावून बसलेला शिकारी वैतागून उठतो तेव्हा मागे वीस यार्डांवरून पंखांचा फडफडाट होतो. म्हणूनच उठण्यापूर्वी आणखी पंधरा मिनिटे बसावे आणि मान अगदी संथपणे फिरवून भोवती पाहावे.

या सगळ्यात शिकाऱ्यांचा स्वतःचा वाटा किती, हेही मान्य केले पाहिजे. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे नरांना जीपीएस ट्रान्समीटर बसवून आणि रानात ध्वनिमुद्रक ठेवून त्यांच्या हालचाली व आरवणे यांची नोंद घेत आहेत. साउथ कॅरोलिनातल्या त्यांच्या अभ्यासात शिकारीचा हंगाम उघडल्यावर आरवण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले. ज्यांनी सार्वजनिक रानात हंगामाचा पहिला आणि तिसरा आठवडा दोन्ही पाहिले आहेत, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पहिल्या आठवड्यात भोळेपणाने आरवत येणारे पक्षी मारले जातात, आणि जे उरतात त्यांनी वाहनांची दारे, टॉर्चचा उजेड आणि एकाच सुरातल्या हाका यांचा अर्थ चांगला जाणलेला असतो. त्यात भर म्हणजे काही उत्साही मंडळी हंगामाआधी रानात जाऊन मादीचे आवाज काढून पाहतात. नर आला की फोनवर त्याचे चित्रण करतात आणि त्याला आपण होऊन धडा शिकवून परततात. पक्षी कोठे बसला आहे एवढेच जाणून घ्यायचे असेल तर घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढावा. दचकून तो आरवतो, आपल्याला जागा कळते आणि मादीच्या आवाजाशी त्याचे कोणतेही वाईट स्मरण जोडले जात नाही.

आता लेखातल्या दुसऱ्या उपायाविषयी. टर्कीचा वाळवलेला पिसारा किंवा त्याची प्रतिकृती तोंडासमोर धरून उघड्या कुरणातून नराकडे रांगत जायचे, आणि प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चाल करून आला की मारायचे, असा हा प्रकार आहे. तो परिणामकारक आहे, हे मी नाकारत नाही. वरचढ नर पिसारा पाहून हमखास धावून येतो. पण विचार करा की, त्याच कुरणाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा शिकारी बसलेला आहे, त्याला गवतावर सरकणारा फुललेला पिसारा दिसतो, आणि त्याच्या हातातल्या बंदुकीचा घोडा त्याच क्षणाच्या प्रतीक्षेत आहे. वसंतातल्या या शिकारीत माणसे नखशिखांत हिरव्या-तपकिरी कपड्यांत असतात, कोणी कोणाला दिसत नाही आणि सारे जण मादीचाच आवाज काढत असतात. नराच्या डोक्याचा रंग लाल, पांढरा आणि निळा असा बदलत असल्यामुळे या तीन रंगांचा मोजा किंवा रुमालसुद्धा अंगावर नसावा, असे येथल्या प्रत्येक सुरक्षा वर्गात शिकवतात. अशा ठिकाणी स्वतःच पक्ष्याचे सोंग घेणे म्हणजे दुसऱ्याच्या बंदुकीपुढे जाऊन उभे राहणे होय. पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्कीची शिकार फक्त आवाज देऊन करता येते. पक्ष्याच्या मागावर सरकत जाण्यास तेथे मनाई आहे. पिसाऱ्याआड रांगण्याच्या प्रकाराला अन्य काही राज्यांतही, विशेषतः सार्वजनिक रानात, बंदी आहे. अलाबामाने तर हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत साधे डिकॉय, म्हणजे टर्कीचे नकली पुतळे, मांडण्यासही मनाई केली आहे. लेखात यातले काहीच नाही. वाचकांपैकी कोणी हा उपाय भलत्या राज्यात करून पाहिला, तर दंड आणि परवान्याची जप्ती हे त्यातल्या त्यात सुखरूप सुटणे ठरेल.

रात्रीच्या अंधारात किंवा दाट झाडीत दुसऱ्याच्या आवाजाच्या रोखाने जाऊ नये. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे. कोणी माणूस जवळ येताना दिसला तर हात हलवण्याऐवजी स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलावे. आणि पक्ष्याचे डोके व छातीवरची दाढी, म्हणजे तेथे लोंबणारा केसांसारख्या पिसांचा झुबका, दिसल्याखेरीज घोड्यावर बोट नेऊ नये. हे नियम कंटाळवाणे वाटतात, तरी असल्या लेखात त्यांना जागा मिळायला हवी होती. दाढी पाहणे हे कायद्यासाठीही आवश्यक असते, कारण वसंतात बहुतेक राज्यांत नर किंवा दाढी असलेला पक्षीच मारता येतो.

तिसरा उपाय काडतुसांचा. टंगस्टनच्या नव्या छर्ऱ्यांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १८ ग्रॅम असते, शिशाची ११ च्या थोडी वर. त्यामुळे ९ नंबरचा बारीक छर्राही दूरवर जोर टिकवून धरतो आणि एका काडतुसात अशा छर्ऱ्यांची संख्या पुष्कळ बसते. एकेका काडतुसाला १० डॉलरहून अधिक मोजावे लागतात, तरीही माझा या छर्ऱ्यांना विरोध नाही. २० बोअरची हलकी बंदूक वापरणाऱ्या किशोरवयीन मुलांना आणि खांद्याला दुखापत असलेल्यांना त्यांचा मोठाच उपयोग झाला आहे. पण त्यांच्या भरवशावर सत्तर यार्डांवरचा पक्षी मारा, असे सांगणे वेगळे. टर्कीला मारायचे ते डोके आणि मान यांवर. अंगावरची दाट पिसे आणि पंखांची हाडे छर्ऱ्यांना अडवतात. त्याचे डोके क्षणभरही स्थिर नसते. शिवाय रानात अंतराचा अंदाज माणसाला फार फसवतो, आणि आपल्या बंदुकीचा व चोकचा (नळीच्या टोकाच्या अरुंद तोंडाचा) छर्रा कोणत्या अंतरावर किती फाकतो हे बहुतेकांनी कागदी लक्ष्यावर तपासलेलेही नसते. चाळीस यार्ड ही मर्यादा पिढ्यांच्या अनुभवातून ठरलेली आहे. त्यापलीकडे छर्रा खाल्लेला पक्षी पुष्कळदा उडून किंवा धावून निसटतो, आणि ताशी वीस-पंचवीस मैल वेगाने धावणारा जखमी टर्की झाडीत शिरला की तो परत मिळत नाही. तो तेथे कोठेतरी मरतो आणि त्याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही.

ही नोंद महत्त्वाची आहे, कारण या पक्ष्याचा इतिहास फार जुना नाही. जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार कत्तल यांमुळे १९३० च्या दशकापर्यंत देशभरात रानटर्कींची संख्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आली होती आणि अनेक राज्यांतून तो पार नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयोग फसले. ते पक्षी जगलेच नाहीत. पुढे तोफेच्या स्फोटाने फेकल्या जाणाऱ्या जाळ्यांनी रानटी पक्षी पकडून दुसरीकडे सोडण्याचे तंत्र १९५० च्या दशकात हाती आले आणि चित्र पालटले. त्यासाठीचा पैसा बऱ्याच अंशी १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून, म्हणजे बंदुका आणि काडतुसांवरील अबकारी करातून आला. मिझुरीत बंद झालेली शिकार १९६० मध्ये अवघ्या तीन दिवसांच्या हंगामाने पुन्हा सुरू झाली. १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झाले. या शतकाच्या आरंभी देशातली संख्या ६५ लाखांच्या पलीकडे गेली होती. आता ती ६० लाखांच्या आसपास मानली जाते आणि आग्नेय व मध्य-पश्चिमेकडील राज्यांत पिलांचे जगणे कमी झाल्याची चिंता आहे. टेनेसीने २०२३ मध्ये हंगामाची सुरुवात दोन आठवडे पुढे ढकलली, ती नरांना माद्यांबरोबर अधिक वेळ मिळावा म्हणून. अशा काळात वरचढ नराला पिसाऱ्याची भूल घालून हंगामाच्या पहिल्याच दिवशी संपवणे, किंवा त्याला लांबून जायबंदी करणे, याला शिकारीचे कौशल्य म्हणून गौरवणे मला पटत नाही. केवळ कायद्याने अडवलेले नाही म्हणून एखादी गोष्ट करावी, असा ज्यांचा युक्तिवाद असेल त्यांच्याशी माझा मतभेद कायम राहील.

सगळे काही करूनही न येणारा पक्षी असतोच. सकाळी माद्यांबरोबर, दहा वाजता कुंपणापलीकडे, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या परवानगी नसलेल्या जमिनीवर, असा तो हंगामभर आपल्याला झुलवतो. त्याच्यासाठी माझ्याजवळ शेवटचा एकच उपाय आहे. हाक न घालता त्याचा दिनक्रम पाहावा, तो कोणत्या वाटेने कोणत्या वेळी जातो हे टिपावे आणि त्या वाटेवर लवकर जाऊन निश्चल बसावे. यात पक्ष्याशी बोलण्याची मजा नाही, आणि काही जुने शिकारी याला कमी प्रतीचे मानतात. मी त्यांच्या मताचा नाही, कारण एका जागी पाच तास न हलता बसणे हीदेखील सोपी विद्या नव्हे. तेही साधले नाही तर टॅग कोरा ठेवून घरी यावे. माझ्या कपाटात असे कोरे टॅग भरलेल्या टॅगांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत.

आपल्याला एवढीच विनंती आहे. मिझुरीतला वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो आणि मुलांसाठीचे दोन दिवस त्याआधीच येतात. त्यापूर्वी आपल्या पुरवणीत निदान पिसाऱ्याआडून रांगण्याच्या सल्ल्याबाबत खुलासा छापावा, आणि शिकारीपूर्वी आपापल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावी, असे वाचकांना ठळकपणे सांगावे. दुपारी किती वाजता शिकार थांबवायची, डिकॉय चालतात का, छर्ऱ्यांचा कोणता आकार चालतो, सार्वजनिक आणि खासगी जमिनीसाठी नियम वेगळे आहेत का, हे राज्याराज्यांत निराळे असते आणि दर वर्षी बदलूही शकते. जागेअभावी संपूर्ण पत्र छापणे शक्य नसेल, तर सुरक्षेविषयीचा परिच्छेद तेवढा वगळू नये.

आपला,
एक वाचक,
मिझुरी, अमेरिका